भिंतीवरची भोपळ्याची बी

बाथरूमच्या भिंतीवर, आरशाच्या जरा वर, भोपळ्याची एक बी चिकटलेली दिसते. राखाडी, चपटी, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती. सिमेंटचा कपचा असेल म्हणून आपण दात घासत राहतो. चूळ भरून पुन्हा वर पाहावं तर बी बोटभर पुढे सरकलेली. मग नीट बघितलं की कळतं, एका टोकातून काळपट डोकं बाहेर येतं, भिंत पकडतं आणि मागचं सगळं धूड ओढून घेतं. हात लावला की डोकं आत, आणि पुन्हा नुसती बी.

मुंबई-ठाण्यापासून कोकण-गोव्यापर्यंत, जिथे हवा दमट आणि भिंतींना ओल, तिथल्या लोकांना हे दृश्य सवयीचं आहे. तरी या प्राण्याला सगळ्यांच्या तोंडी रुळलेलं मराठी नाव नाही. कुणी ‘कचऱ्याचा किडा’ म्हणतं, कुणी ‘भिंतीवरची अळी’. आमच्याकडे आई त्याला नुसतं ‘ते’ म्हणते. “ते आलंय बघ परत पंख्याच्या बटणामागे,” एवढं म्हणून ती झाडू आणायला जाते.

‘ते’ म्हणजे एका लहानशा पतंगाची अळी. आणि बी म्हणजे त्या अळीने स्वतः विणलेली, घरातल्या धुळीने मढवलेली खोळ. शेतकरी पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो, तसाच हा प्रकार. फक्त ही खोळ पाऊस थांबला म्हणून उतरत नाही. मी मुद्दाम ‘खोळ’ म्हणतोय, ‘कोष’ नाही, कारण नेमका इथेच गोंधळ होतो. रेशमाचा किडा कोष करतो तो एकदाच, आयुष्याच्या मधल्या झोपेपुरता, आणि कोषात शिरल्यावर तो हिंडत नाही. ही अळी मात्र अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या खोळ शिवायला घेते आणि पुढचे जवळजवळ दोन महिने तीच अंगावर घेऊन खाते, फिरते, वाढते. कोषाची वेळ त्यानंतर येते, तीही त्याच खोळीत.

आधी नावाचं मिटवून टाकू. या गटाचं शास्त्रीय नाव फेरिओइका. ‘फेरेओइकोस’ हा जुना ग्रीक शब्द, अर्थ ‘घर वाहून नेणारा’. ग्रीक कवितेत तो गोगलगायीसाठी वापरलेला आहे. हिंटन आणि ब्रॅडली या दोन कीटकतज्ज्ञांनी १९५६ साली या पतंगांचा वेगळा गट केला आणि हे नाव दिलं. आपण विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो खरं, पण विंचवीच्या पाठीवर असतात ती तिची पिल्लं. घरच पाठीवर घेऊन निघणारी ही.

गटात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जाती आहेत. इंटरनेटवर अशा खोळीचा फोटो दिसला की त्याखाली बहुधा ‘फेरिओइका युटेरेला’ असं लिहिलेलं असतं. युटेरेलाचं पहिलं वर्णन वॉल्सिंगहॅम यांनी १८९७ मध्ये केलं, आणि ती मुख्यतः अमेरिका खंडातली, ब्राझील-गयानाकडची. भारत, श्रीलंका, जावा, सेशेल्स, पश्चिम आफ्रिका, पनामा, हवाई इथून नोंद आहे ती तिच्या बहिणीची, ‘फेरिओइका ॲल्युटेला’ची. तिचं वर्णन रेबेल या ऑस्ट्रियन तज्ज्ञांनी १८९२ मध्ये कॅनरी बेटांवरच्या नमुन्यांवरून केलं होतं. दोघींच्या खोळी शेजारी ठेवल्या तर तुम्हाला-मला फरक सांगता येणार नाही. अशा पतंगांची जात ठरवायची तर त्यांचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. तेव्हा फोटोखाली नुसतं ‘फेरिओइका’ लिहिणारा माणूस जास्त प्रामाणिक, असं माझं मत.

आता खोळ. मला विचाराल तर या प्राण्यातली सगळ्यात पाहण्यासारखी गोष्ट तीच.

अंडं जेमतेम ०.४ मिलिमीटरचं, म्हणजे खसखशीच्या दाण्याच्याही निम्म्याहून लहान. त्यातून निघणारी अळी किती असेल याचा अंदाज करा. ती उघड्यावर फार काळ राहूच शकत नाही, कारण मुंग्या आहेत, कोळी आहेत, आणि त्याहून मोठा धोका म्हणजे अंगातलं पाणी सुकणं. ज्याचं शरीर इवलंसं, त्याच्या आत पाण्याचा साठा कमी आणि त्या मानाने वाळायला कातडी जास्त. ओला रुमाल पसरून टाकला तर लगेच वाळतो, बोळा करून टाकला तर ओलाच राहतो. तसंच हे. म्हणून आधी घर, मग बाकी सगळं.

अळीच्या तोंडाखाली रेशीम सोडणारं एक बारीक नळकांडं असतं. रेशमाच्या किड्याला असतं तसंच. ती जमिनीवर किंवा भिंतीवर दोन्ही टोकं चिकटलेली रेशमाची एक कमान उभी करते. मग आजूबाजूला जे सापडेल ते उचलून कमानीच्या बाहेरच्या बाजूला चिकटवते: वाळूचे कण, माती, गंजाचे कण, इतर किड्यांची विष्ठा, मेलेल्या मुंग्यांचे तुकडे, केस, कपड्यांचे धागे. आतून मात्र निव्वळ रेशमाचं अस्तर, तिथे कचऱ्याचा कणही नाही. कमान लांबवत लांबवत तिचा बोगदा होतो. शेवटी अळी बोगद्याची खालची बाजूही रेशमाने बंद करून घेते, आणि भिंतीपासून सुटी झालेली, दोन्हीकडून उघडी अशी नळी तयार होते. नळी तयार झाली की बिऱ्हाड निघालं.

म्हणजे खोळीवर त्या घराचाच चुरा असतो. गेल्या पावसाळ्यात देवघरामागच्या भिंतीवरची एक रिकामी खोळ मी काढली आणि शाळेतल्या जुन्या भिंगाखाली धरली. चुन्याचे पोपडे, एका काळ्या मुंगीचं अख्खं डोकं, निळ्या लोकरीचा एक तुटका धागा, आणि एका टोकाला लालभडक दोन-तीन कण. ते कुंकू होतं. निळी लोकर कुठली ते शोधायला मला अर्धा दिवस लागला. आमच्याकडे निळं असं काहीच नाही. शेवटी माळ्यावरच्या ट्रंकेत भाचीचं लहानपणचं टोपडं सापडलं.

पुढे अळी वाढते आणि कात टाकते, तशी दर वेळी खोळही वाढवावी लागते. सुरुवातीची साधी नळी मग मधे रुंद आणि चपटी होत जाते, तिला भोपळ्याच्या बीचा आकार येतो तो इथे. या आकाराला कारण आहे. मधला भाग रुंद असल्यामुळे अळीला खोळीतल्या खोळीत उलटं वळता येतं. दोन्ही टोकं सारखी, दोन्हीकडे दार. पुढे रस्ता बंद असेल तर आतच फिरायचं आणि मागच्या दारातून डोकं काढून उलट दिशेला चालू पडायचं. मुंबईच्या लोकलला दोन्हीकडे मोटरमनची केबिन असते, त्यातला प्रकार. शत्रूची चाहूल लागली की ती आत शिरते आणि खोळीची खालची बाजू वर ओढून दार मिटून घेते. बाहेरून ते उघडणं फार अवघड. मी टाचणीने प्रयत्न केलाय. खोळ फाटायला लागली म्हणून सोडून दिलं.

पूर्ण वाढलेल्या अळीची खोळ ८ ते १४ मिलिमीटर लांब आणि ३ ते ५ मिलिमीटर रुंद भरते. आतली अळी असते सुमारे ७ मिलिमीटरची. ती पूर्ण बाहेर आलेली सहसा दिसत नाही. डोकं गडद तपकिरी, अंग पांढरं. फक्त डोक्यामागच्या तीन खंडांवर कडक काळपट तकटं असतात, कारण चालताना तेवढाच भाग खोळीबाहेर येतो. चिलखत हवं तिथेच, बाकीचं अंग मऊ. चालायला पुढचे तीन जोड पाय. मागचे मांसल पाय खोळीचं अस्तर धरून ठेवायला. त्या प्रत्येक पायाच्या टोकाला वीस-पंचवीस अतिसूक्ष्म आकड्यांचं कडं असतं, म्हणून चिमटीने ओढलं तरी अळी खोळीतून निघत नाही.

खोळी शिवणारे किडे आणखीही आहेत. हिचंच एक भावंड म्हणावं अशी जात लोकरीच्या कपड्यांत असते, तिचं नाव प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ सालीच नोंदवून ठेवलंय. लोकरीतली ही अळी खोळ वाढवते ती अगदी शिंप्याच्या पद्धतीने. आधी खोळीला उभी चीर देते आणि फटीत नवा तुकडा विणून भरते. कुर्ता घेरदार करायला शिंपी कळी घालतो ना, तसंच. हे ठाऊक झालं ते अठराव्या शतकातल्या रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञामुळे. पाणी ८० अंशांवर उकळतं अशी मापनपट्टी असलेला थर्मामीटर करणारा तोच हा. त्याने अळ्यांना एका रंगाच्या लोकरीवरून उचलून दुसऱ्या रंगाच्या लोकरीवर सोडलं, आणि खोळीवर नव्या रंगाचे पट्टे उमटले. कुठे, केव्हा, किती भर घातली याचा हिशेब अळ्यांनीच रंगात लिहून दिला. विज्ञानातला इतका स्वस्त आणि इतका देखणा प्रयोग मला दुसरा चटकन आठवत नाही.

गावाकडच्या वाचकांना बाभळीवर लोंबणारे काड्यांचे जुडगे आठवले असतील. तेही पतंगाच्या अळीचंच घर, पण कुळ वेगळं. ती अळी पाला खाते, आणि तिची मादी पंखांशिवायच जन्मते व सगळं आयुष्य त्या जुडग्यात काढते. आपल्या भिंतीवरच्या अळीला झाडापानांशी काही देणंघेणं नाही.

मग ती खाते काय?

कोळिष्टकं. १९३३ साली फ्लोरिडातल्या एका अभ्यासात या अळ्यांसमोर निरनिराळे पदार्थ ठेवून पाहिले, तेव्हा त्यांनी जुनी कोळ्याची जाळी भरपूर फस्त केली. लोकरही खाल्ली, सुती कापडाला तोंड लावलं नाही. पुढे १९७० च्या दशकात पनामामधल्या स्मिथसोनियन संशोधन संस्थेत ॲनेट आयेलो यांनी या अळ्या पाळल्या त्या मेलेल्या डासांवर आणि स्वतःच्या डोक्याच्या केसांवर. या यादीत एक धागा आहे. कोळ्याचं जाळं हे प्रथिन, लोकर आणि केस हेही प्रथिन. कापूस म्हणजे सेल्युलोज, ते हिच्या कामाचं नाही. तेव्हा तुमच्या सुती साड्या आणि सदरे हिच्यापासून सुरक्षित आहेत. शाल, स्वेटर, लोकरीचा गालिचा यांच्याबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.

केस पचवणं ही साधी गोष्ट नाही. पोळीत केस सापडला तर आपण काढून टाकतो. चुकून गिळला तरी तो पोटातून जसाच्या तसा पुढे जातो. केस, नखं, पिसं, शिंगं ज्या केराटिनची बनलेली असतात, त्याचे रेणू एकमेकांना गंधकाच्या पुलांनी घट्ट जोडलेले असतात. पार्लरमध्ये केस कायमचे सरळ करून देतात तेव्हा रसायनाने हेच पूल तोडतात, केसांना नवा आकार देतात आणि पूल पुन्हा जोडतात. त्या रसायनाला वास येतो तो गंधकाचाच. कपड्यांना लागणारी कसर पार्लरमधलं हेच काम पोटात करते. तिच्या आतड्यातलं वातावरण अतिशय अल्कधर्मी असतं आणि तिथे ऑक्सिजन जवळपास नसतो. अशा ठिकाणी गंधकाचे पूल तुटतात, मग पाचकरसांना प्रथिन मोकळं सापडतं.

कसर हा शब्द मुद्दाम वापरला. आजीच्या पैठणीला आणि आजोबांच्या कोटाला लागायची ती कसर, जिच्यासाठी ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायचे, ती याच कुळातली. टिनिइडी असं त्या कुळाचं नाव, जगभरात सुमारे तीन हजार जाती. या कुळाने दुसरं कुणी हात लावत नाही ते खाण्यात प्रावीण्य मिळवलंय. आफ्रिकेत मेलेल्या हरणांची शिंगं पोखरणाऱ्या जाती यातच आहेत, आणि फ्लोरिडात मेलेल्या कासवाच्या पाठीवरची केराटिनची खवलं खाणारी एक जातही. जंगलात या मंडळींचं काम सरळ आहे: सगळे जेवून गेल्यावर पान उचलायला येणं. आपल्या घरात ते काम आवडत नाही, कारण उचलायचं पान आपलंच असतं.

आता कालगणना. आयेलो यांच्या पाळलेल्या अळ्यांवरून हे आकडे मिळतात. उष्ण कटिबंधातल्या प्रयोगशाळेतले असल्यामुळे ते आपल्या घरांना बऱ्यापैकी लागू पडावेत. हवा थंड किंवा कोरडी असेल तर दिवस पुढेमागे होणारच. मादी भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यात, फटीत, कचऱ्यावर फिक्या निळसर रंगाची अंडी चिकटवते. आठवडाभरात सुमारे २०० अंडी, आणि मग ती मरते. अंडी उबायला दहा दिवसांच्या वर लागतात. अळीची अवस्था साधारण ५० दिवसांची, त्यात ती सहा-सात टप्पे पार करते.

मग एके दिवशी अळी खाणं सोडते आणि वर चढायला लागते. भिंतीचा वरचा भाग, छताचा कोपरा, दाराची चौकट, असं उभं ठिकाण शोधून ती खोळीची दोन्ही टोकं रेशमाने पक्की बांधून टाकते. छताजवळ हारीने लटकलेल्या न हलणाऱ्या खोळी दिसतात त्या अशा. पण कोष होण्याआधी पुढचं एक काम उरकलेलं असतं. खोळीच्या एका टोकाला ती दोन्ही कडांनी छोटी चीर देते, त्यामुळे ते टोक चपटं होऊन त्याची झडप बनते. आतून ढकललं तर उघडते, बाहेरून ओठ मिटल्यासारखी बंद. पतंगाला कुरतडायला जबडे नसतात, त्यामुळे तो आतून भिंत फोडू शकणार नाही. म्हणून ज्याची त्या अळीला काही कल्पना असण्याचं कारण नाही अशा प्राण्यासाठी ती दार करून ठेवते. इथे मी ‘ठेवते’ म्हणतोय, पण यात विचार नाही. दार न ठेवणाऱ्यांचे पतंग आतच मेले आणि त्यांचा वंश पुढे चालला नाही, एवढंच.

कोषावस्था ११ ते २३ दिवसांची, सरासरी सोळा दिवस. वेळ भरली की कोष अर्धा झडपेतून बाहेर सरकतो, फुटतो, आणि पतंग निघतो. झडपेत अडकलेलं कोषाचं तपकिरी पातळ टरफल तसंच राहतं. भिंतीवरची खोळ रिकामी आहे का हे ओळखायची हीच खूण. अंड्यापासून पतंगापर्यंत ६२ ते ८६ दिवस, सरासरी ७४. गुढीपाडव्याला घातलेल्या अंड्याचा पतंग मृगाच्या आसपास उडतो म्हणा ना.

पतंग बघितलाय असं सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. खरं तर सगळ्यांनीच पाहिलेला असतो, पण तो लक्षात राहावा असं त्याच्यात काही नाही. मादीचे पंख पसरले तर १० ते १३ मिलिमीटर, नर त्याहून लहान. रंग राखाडी, पुढच्या पंखांवर काही काळपट ठिपके, मागच्या पंखांच्या कडेला लांब केसांची झालर, डोक्यावर विस्कटलेले केस. बसतो तेव्हा पंख कौलारू छपरासारखे मिटतो. त्याची तोंडाची अवयवं नावापुरतीच उरलेली असल्यामुळे तो काही खात नाही. अळीपणी जे साठवलं त्यावर जोडीदार गाठायचा आणि अंडी घालायची. जाळी, लोकर, केस जे काही खायचं ते अळीने. तेव्हा कपाटाजवळ उडणाऱ्या पतंगाला मारून स्वेटर वाचत नाही. तो कुरतडणारा गेल्या महिन्यात होता.

हिलाही शत्रू आहेत. एक बारीक गांधीलमाशी, ॲपँटेलिस गटातली, अळीच्या अंगात अंडं घालते; तिची पिलावळ आतून अळीला खाते आणि कोष होण्याआधीच संपवते. एवढी शिवलेली खोळ, मिटून घ्यायची दारं, आणि तरी हे.

आता प्रत्येक जण विचारतो तो प्रश्न: चावते का? नाही. डंख नाही, विष नाही. अन्नधान्यात होत नाही. तिच्यावर फवारे मारण्यात फारसा अर्थ नाही, कारण औषध बसतं खोळीवर आणि अळी असते रेशमाच्या अस्तराआड. तिला लागतात दोन गोष्टी, दमटपणा आणि जाळी-जळमटं. एसी लावलेल्या कोरड्या खोल्यांत त्या क्वचित दिसतात त्याचं कारण हेच. त्यामुळे जळमटं काढणं, कपाटांच्या मागे आणि पलंगाखाली साठलेला केसांचा-धुळीचा गुंता झाडून घेणं, गळका नळ दुरुस्त करणं आणि खिडकी उघडी ठेवणं, यापलीकडे उपाय नाही. लोकरीचे कपडे धुऊन, उन्हात टाकून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. धुतलेले हे महत्त्वाचं. नुसतं भिंतीवरचं ‘ते’ झाडूने झटकलं तर ते खोळीसकट खाली पडतं, थोडा वेळ दार मिटून पडून राहतं, आणि आपण वळलो की पुन्हा भिंतीकडे चालू लागतं. सुपलीत भरून बाहेर टाकायला हवं. आईला हे तीनदा सांगून झालंय.